गडगड्याचा हंगाम

जानेवारी उतरणीला लागला की कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या हातगाड्यांवर नवा बटाटा येतो. साल इतकी पातळ की अंगठ्यानं नुसतं घासलं तरी सुटते, आणि खालचं ओलसर, पिवळट अंग दिसतं. छापखान्यातून सुटले की मी वाटेत थांबते. घ्यायचा नसला तरी एखादा उचलून नाकाशी नेते. गाडीवाला आता ओळखीचा झालाय. "वास काय घेतायसा वैनी, पेरू हाय का त्यो?" असं दरवर्षी विचारतो. मी हसून पुढं जाते. मी आमच्या नदीकाठच्या मळीच्या मातीचा वास शोधत असते, आणि तो कुठून कुठून आलेल्या त्या मालाला नसतो, हे त्याला कसं सांगायचं?

यंदा त्याच दिवसांत शिवानंदचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला. "अक्का, रविवारी डिगर येतोय. अप्पा म्हणालेत, गिरजव्वाला बोलवा." गिरजव्वा म्हणजे मी.

डिगर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं, बटाटे काढायचं यंत्र. त्याचं पातं सरीखाली घुसतं, माती आणि बटाटे मिळून साखळ्यांच्या पट्ट्यावर चढतात, माती गळून जाते आणि मागं बटाट्यांची रांग पडत जाते. शिवानंद ते भाड्यानं आणतो. एकराचं काम दुपारच्या आत उरकतं. त्याच्या आवाजात त्याचा अभिमान होता आणि तो असायलाच हवा. मी "येते" म्हणाले, फोन ठेवला, आणि कानात दुसऱ्याच यंत्राची गडगड सुरू झाली. सोळा वर्षांपूर्वीच्या.

आमचं गाव कुरुंदवाडच्या अलीकडं, पंचगंगेच्या काठाला. पावसाळ्यात नदी शिवारात येऊन बसते आणि जाताना गाळ ठेवून जाते. अशा जमिनीत सगळे ऊसच लावतात. आमच्या चारी बाजूंना ऊस, आणि मधल्या दोन एकरांत अप्पांचा, माझ्या वडिलांचा, बटाटा. बांधावरून जाणारा येणारा विचारायचा, "अप्पा, कशापायी ही उठाठेव?" अप्पांचं उत्तर ठरलेलं. "उसाला काय, लावला की कारखाना न्हेतोय. बटाट्याला माणूस लागतंय."

आणि माणसं असायची. मालनअक्का आणि तिच्या टोळीतल्या सात बायका. मालनअक्का गावातल्या बौद्धवाड्यातली, अप्पांच्याच वयाची. उंच, आवाज खणखणीत, तोंडानं फटकळ. माझ्या आज्जीच्या काळात तिच्या आईला आमच्या बांधावर वेगळं बसून भाकरी खावी लागायची. हे मला मालनअक्कानंच सांगितलं होतं, कुठलाही आडपडदा न ठेवता. अप्पांनी शेत हातात घेतलं त्या वर्षी ते आपली भाकरी घेऊन टोळीच्या गोलात जाऊन बसले आणि मग तसंच सुरू झालं. "येका भाकरीनं समदं फिटत न्हाई," ती म्हणायची, "पर बसलं, हे खरं."

नांगरानं सऱ्या उकलायच्या, मागून बायकांनी बटाटे वेचायचे, आणि मग शेडात बसून ते निवडायचे. मोठा, मधला आणि गोलटी, म्हणजे बारका. कापलेला वेगळा. उन्हानं हिरवा पडलेला वेगळा. निवडलेला माल क्रेटमध्ये भरून बटाट्याच्या खोलीत जायचा. ही खोली अप्पांनी स्वतः रचली होती. वर उसाच्या पाल्याचं जाड छप्पर. खाली विटांवर फळ्या, फळ्यांमध्ये बोटभर फटी, आणि त्या फटींतून वारा वर यावा म्हणून एका टोकाला जुन्या कूलरचा पंखा. खिडक्यांना ओली पोती. आत दिवसाढवळ्या काळोख. बटाट्याला उजेड लागला की तो हिरवा पडतो, कडवट होतो, म्हणून आम्ही तिथं बॅटरीसुद्धा पोत्यात गुंडाळून न्यायचो. बाहेर ऊन रणरणत असताना आत पाऊल टाकलं की मातीचा, ओल्या तरटाचा, जरा गोडसर असा एक गारवा अंगावर यायचा. मला त्यासाठी आजही दुसरा शब्द सापडलेला नाही. बटाट्याची खोली, एवढंच.

त्या वर्षी मी बावीसची होते. पदवी हातात आली होती, नोकरीचे अर्ज आणि लग्नाची बोलणी दोन्ही चालू होती, आणि कशातच काही होत नव्हतं. म्हणून मी घरी. दिवाळी झाली तसं अप्पांनी शेडात काहीतरी ठोकाठोक सुरू केली. जुन्या कडबाकुट्टीची मोटार, सायकलच्या चेन, लोखंडी गज. जयसिंगपूरच्या वेल्डरकडं चार फेऱ्या झाल्या. महिन्याभरानं उभं राहिलं ते एक लांबट, गजांचं पिंप होतं, एका बाजूला उतरतं. गजांमधलं अंतर सुरुवातीला कमी आणि पुढं वाढत गेलेलं. वरून बटाटे सोडायचे, पिंप फिरायचं, आणि बारके आधी गळायचे, मधले पुढं, मोठे टोकाला. साल खरवडू नये म्हणून अप्पांनी एकेका गजाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. ती गुंडाळायला मी होते. तीन दिवस आम्ही दोघं समोरासमोर बसून रबर ताणत होतो.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा असा आवाज झाला की पलीकडच्या उसातनं बगळे उठले. बायकांनी तिथल्या तिथं त्याचं नाव ठेवलं. गडगडा.

सगळ्या हसल्या, मालनअक्का सोडून. तिनं पिंपाभोवती एक फेरी मारली, गजांना हात लावला, आणि अप्पांना सरळ विचारलं, "ह्ये आल्यावर आमी काय करायचं?"

"वेचायचं की."

"वेचाय चार दीस. निवडायला तीन आठवडं लागत्यात. त्यातलं काय ऱ्हायलं?"

"तुमास्नी कमी करत न्हाय मी, मालन."

"मग केलंय कशाला?"

अप्पा चेनला तेल घालत राहिले. मला तेव्हा वाटलं, त्यांना उत्तर द्यायचं नाही. खरं म्हणजे उत्तर त्यांच्याकडं होतं आणि ते त्यांनी दोन वर्षं दातांखाली धरून ठेवलं होतं.

मला कळायला हवं होतं. आठवायला लागलं की एकेक गोष्ट समोर येते. अंगणात बाजूला ठेवलेल्या घागरीवर अप्पांचा पाय आपटायचा. ताटातली चटणी राहून जायची आणि अव्वा, माझी आई, म्हणायची, "आवडली न्हाय वाटतं." रस्ता ओलांडताना ते मान पार खांद्यापर्यंत वळवायचे. मागच्या हंगामात त्यांनी निवडलेल्या मालात हिरवे बटाटे निघाले होते आणि मालनअक्कानं ते मुकाट बाजूला काढले होते. पण बटाट्याच्या खोलीत ते आमच्या सगळ्यांहून झपाझप चालायचे. क्रेटांच्या चिंचोळ्या वाटेतून, त्या काळोखात, कुठंही न धडकता. ज्याला तिथं सगळं सापडतं त्याला बाहेर दिसत नसेल, हे कुणाच्या मनात येणार?

काढणीचा तिसरा दिवस होता. दुपारची भाकरी झाली होती. गडगडा बंद होता, कारण दोन गजांमध्ये एक वेडावाकडा बटाटा अडकला होता. मालनअक्का पिंपाच्या बाजूला वाकून, हात आत घालून तो काढत होती. अप्पा बटणाजवळ बसले होते. त्यांनी समोर पाहिलं. समोर कुणी नव्हतं. त्यांनी बटण दाबलं.

तो आवाज मी लिहिणार नाही. मोटार कुणी बंद केली तेही मला सांगता येत नाही, बहुतेक मीच. मालनअक्का ओरडली नाही. ती खाली बसली, उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून, आणि म्हणाली, "फडकं द्या कुणीतरी."

शिवानंद शाळेत होता. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही तिला कुरुंदवाडला नेलं. करंगळीशेजारचं बोट वरच्या पेरापासून गेलं होतं. टाके घालून, हात गळ्यात बांधून डॉक्टरांनी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अप्पा तोवर भिंतीला टेकून उभे होते. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. अगदी समोर.

"मालन, मला बाजूचं दिसत न्हाय."

तिनं वर पाहिलं.

"दोन वर्सं झाली. समोरचं तेवढं दिसतंय. तू बाजूला हुतीस."

"आन तुमी बटणावर बसला?"

"व्हय."

"घरात म्हायती हाय?"

अप्पांनी नकारार्थी मान हलवली. मी तिथंच, औषधांची पिशवी घेऊन उभी होते. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"सांगितलं का न्हाईसा?"

"सांगितलं असतं तर बटाटा करू दिला असता व्हय कुणी? शिवा अजून ल्हान हाय. समद्यांनी म्हटलं असतं, ऊस लावा नि गप घरात बसा. म्हणून त्यो गडगडा केला. निवडायचं त्यानं करावं, माझं कुणाला कळू नये."

मालनअक्कानं गळ्यात बांधलेल्या हाताकडं पाहिलं. मग अगदी हळू, तिच्या आवाजाला न शोभेल इतक्या हळू, म्हणाली, "तुमचा बटाटा ऱ्हायला, अप्पा. माझं बोट गेलं."

मला त्या दिवशी अप्पांचा राग आला होता, खूप आला होता. आणि त्याच वेळी भिंतीला धरून पायऱ्या उतरणारा तो माणूस पाहून मी पुढं झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा कोपर धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी टोळी आली नाही. तिसऱ्या दिवशीही. अर्धं रान उकललेलं, अर्धं तसंच. उघडे पडलेले बटाटे उन्हात हिरवे पडत होते आणि आम्ही घरातली चार माणसं जमेल तेवढं पाल्यानं झाकत होतो. अव्वा एका शब्दानं बोलत नव्हती. तिला काय लागलं होतं ते मला उशिरा समजलं. डोळे गेले त्याचं दुःख होतंच, पण ते आपल्याला न सांगता शेजारी झोपत होते, ते जास्त.

मी अप्पांना मिरजेला घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, बोलायला साधे. काचबिंदू म्हणाले. "नळीतून बघितल्यासारखं दिसतंय यांना. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं औषधानं काही वर्षं टिकवता येईल. तुम्ही आधी यायला हवं होतं." अप्पांनी विचारलं, "किती वर्सं?" डॉक्टर म्हणाले, ते सांगता येणार नाही. येताना एसटीत अप्पा खिडकीशी बसले आणि पूर्ण वाटभर, मान वळवून वळवून, बाहेरचं बघत होते. उसाच्या गाड्या, कृष्णेचा पूल, वीटभट्ट्या.

त्याच संध्याकाळी मी मालनअक्काच्या घरी गेले. ती उंबऱ्यात बसली होती, डाव्या हातानं शेंगा सोलत होती. मी काही मागायला आले नव्हते. निदान तसं स्वतःला समजावलं होतं. डॉक्टर काय म्हणाले ते तिला सांगितलं, कारण घराबाहेर ते कळण्याचा हक्क कुणाचा असेल तर तिचा होता.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटलं हुतं, बायकास्नी घालवायला यंत्र केलंय. बोट गेलं तवर त्योच राग. आता कारण दुसरंच निघालं. ह्याचा राग कसा करायचा त्ये मला ठावं न्हाई." आणि थोड्या वेळानं, "राग करतो म्हना मी. सोडत न्हाई."

मालनअक्काही आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारखी 'करतो', 'जातो' असंच बोलते. शहरात माझ्या तोंडून ते चुकून निघालं तर छापखान्यात हसतात. मला मात्र त्या क्षणी तो 'करतो' शब्द दगडासारखा पक्का वाटला.

पाचव्या दिवशी सकाळी टोळी बांधावर हजर. मालनअक्का पुढं, हात गळ्यात. शेडात आली आणि अप्पांना म्हणाली, "बटण आजपासनं माझ्याकडं. चेनीवर पत्रा बसवल्याबिगर मोटार लागायची न्हाई. आन तुमी यंत्राजवळ यायचं न्हाई."

"मग मी कुटं जाऊ?"

"खोलीत जावा. काळोखात. थितं तुमच्यावाणी कुणाला जमतंय?"

ती टोमणा मारत होती की मान देत होती, मला आजही ठरवता येत नाही. बहुतेक दोन्ही. वेल्डर येऊन पत्रा बसवून गेला, आणि पुढचे तीन आठवडे गडगडा चालला तो मालनअक्काच्या डाव्या हातावर. ती आधी सगळ्या बायकांना नावानं हाक मारायची. सातही जणींचा "व्हय" आला की मगच बटण. आम्ही हसायचो, पण कुणी "व्हय" म्हणायला चुकायचं नाही.

अप्पा खोलीत. आलेला क्रेट ते हातानं चाचपून रचायचे. वासावरून सांगायचे, खालून तिसऱ्या क्रेटात एक सडका हाय, काढा. आणि तो निघायचा. मी क्रेट नेऊन द्यायचे आणि कधी कधी तिथंच फळीवर बसायचे. पंख्याचा वारा फटींतून पायांना लागायचा. बाहेर गडगड, बायकांची हाकाटी, आत आम्ही दोघं. लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून असेल, अप्पा खूप बोलायचे. त्यांच्या तरुणपणचं, नदीचं, अव्वाला बघायला चिकोडीला गेले होते त्याचं. मध्येच कानडीत गुणगुणायचे. दुपारी अव्वा भाकरी घेऊन यायची आणि आता खोलीच्या दारात बसून त्यांच्या ताटात कुठं काय आहे ते सांगायची. चटणी डावीकडं. कांदा वर. तिचा अबोला कुठल्या दिवशी सुटला, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

एवढं सगळं घडूनही मला तो हंगाम परत हवा आहे, हे म्हणायला मला लाज वाटते. एका बाईचं बोट त्यात गेलं. पण हवा आहे. त्या तीन आठवड्यांनंतर मला कोल्हापुरात नोकरी लागली, मग लग्न, कसबा बावड्यातलं घर, मुलं. अव्वा सहा वर्षांपूर्वी गेली. अप्पांच्या औषधाच्या थेंबांनी दहा-अकरा वर्षं साथ दिली, मग नळी बारीक होत होत मिटली. आता उजेड आहे की काळोख, एवढंच त्यांना कळतं. बटाटा मात्र सुटला नाही. शिवानंद करतो. काढलेला माल शेतातूनच टेम्पोत चढतो आणि शीतगृहात जातो. गडगडा भंगारात दिला, अप्पांनीच सांगून. खोलीत आता खताच्या पिशव्या असतात.

रविवारी मी पोचले तेव्हा डिगर चालू झाला होता. अप्पा बांधावर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी मातीतच फतकल मारून मालनअक्का. तिची टोळी केव्हाच विखुरली, गुडघे दुखतात, पण काढणीला ती येते. शिवानंदनं पोरं लावली होती. त्यांनी पट्ट्यावरून पडलेले बटाटे भराभर क्रेटात भरले. दुपारी रान रिकामं. ट्रॅक्टर निघून गेला आणि एकदम इतकी शांतता झाली की उसाच्या पात्यांची सळसळ ऐकू आली.

"चला," अप्पा म्हणाले.

"कुठं?"

"सरव्याला. यंत्र कितीबी चांगलं असूदे, मागं ऱ्हातंयच."

सरवा म्हणजे काढणी झाल्यावर रानात मागं राहिलेलं वेचणं. मालनअक्का त्यांचा हात धरून त्यांना सरीत घेऊन गेली. दोघं गुडघ्यांवर बसली आणि मातीत हात घालून पुढं सरकायला लागली. मीही बसले. माती वरून ऊन, आत गार. अप्पांच्या हाताला माझ्या आधी बटाटे लागत होते. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "गिरजव्वा, केस पिकलं काय गं तुझं?"

"थोडे."

"थोडं न्हवं," मालनअक्का म्हणाली. "निम्मं पिकलंय. आंधळ्याला खोटं कशाला सांगतीस?"

अप्पा हसले. हात मातीतच होते. "मला ती त्या वर्साचीच दिसती बघ. खोलीच्या दारात, क्रेट घेऊन हुबी. मागनं उजेड. शिवाचं तोंड आठवत न्हाय, तिच्या आईचंबी आता नीट येत न्हाय. हिचं तेवढं ऱ्हायलंय. पर त्ये जुनं झालं." जरा थांबून म्हणाले, "आता कशी दिसती, सांग की मालन."

मालनअक्कानं पदराला हात पुसले. गुडघ्यांवरच सरकत ती माझ्यासमोर आली, हनुवटीला धरून माझं तोंड तिनं उन्हाकडं वळवलं आणि निरखून बघितलं. इतकं निरखून मला गेल्या कित्येक वर्षांत कुणी बघितलं नव्हतं.

"कपाळाला दोन आट्या पडल्यात," ती म्हणाली. "डोळ्याखाली काळं हाय, झोप पुरत न्हाई वाटतं. गालावर वांग आलाय. नाक तुमचंच. हनुवटी तुमच्या आईची व्हाय लागलीया."

"माझ्या आईची?"

"व्हय. हुबेहूब."

अप्पांनी मातीतून हात काढले आणि मांडीवर ठेवले.

"आन?" त्यांनी विचारलं.

मालनअक्का सांगत राहिली. मी उन्हाकडं तोंड करून बसून राहिले, तिचं सांगून होईपर्यंत हलले नाही.